सुक्याबरोबर ओले : व्हीपीएन अडवण्याच्या सरकारी खटाटोपाविषयी

चीनच्या इंटरनेटभोवतीच्या कुंपणाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात, त्या फांग बिनशिंग यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये ‘ग्लोबल टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत सहज सांगून टाकले होते, की आपल्या घरच्या संगणकावर सहा व्हीपीएन आहेत. कशाला, तर कुंपण जिंकते की व्हीपीएन, ते ताडून पाहायला. त्याच वर्षी मे महिन्यात वुहान विद्यापीठात त्यांच्यावर बूट भिरकावला गेला, तो भाग वेगळा. पुढे २०१६ मध्ये हार्बिनला इंटरनेट सुरक्षेवर व्याख्यान देताना पडद्यावर दाखवायचे दक्षिण कोरियातले संकेतस्थळ उघडेना, तेव्हा भर सभागृहात त्यांना स्वतःलाच व्हीपीएन लावावा लागला. चिनी लोकांनी ही बातमी मिटक्या मारत वाचली, आणि हसू येण्यासारखी ती आहेच. पण ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणून ती सोडून दिली, तर त्यातली खरी गोम निसटते. फांग यांच्यावर त्याबद्दल कोणी खटला भरला नाही, आणि भरला जाईल असे त्या सभागृहात कोणाला वाटलेही नसेल. चीनमध्ये व्हीपीएन बंद नाही. परवाना नसलेला व्हीपीएन बंद आहे.

या पुस्तकाचा विषय त्या दोन वाक्यांमधल्या फटीत आहे. चीन, रशिया, इराण आणि आपला देश यांतल्या हकिकती पुढच्या प्रकरणांत तपशिलाने येतील. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. जगातले कोणतेही सरकार व्हीपीएनशिवाय जगू शकत नाही. बँकेची शाखा मुख्य कचेरीशी जोडलेली असते ती अशाच कुलूपबंद वाटेने. एटीएमचे, वकिलातीचे, मंत्रालयांचेही तेच. पुण्यात हिंजवडीच्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, सकाळचे त्याचे पहिले काम म्हणजे ऑफिसचा व्हीपीएन कनेक्ट करणे आणि तो होत नसला की सपोर्टवाल्यांना फोन लावणे. हे तंत्र जन्मले तेही ऑफिसच्या कामातूनच. २००१ मध्ये जेम्स योनन हा प्रोग्रामर मध्य आशियात फिरत असताना तिथल्या नेटवर्कवरून आपल्या ऑफिसशी जोडून घेत होता. आपली माहिती कुणाकुणाच्या हातून जाते आहे, या काळजीतून त्याने ओपनव्हीपीएन लिहिले. सेन्सॉरला चकवणे त्याच्या डोक्यात नव्हते.

म्हणजे सरकारला जी वाहतूक नको आहे आणि जिच्यावाचून त्याचे अडते, त्या दोन्ही एकाच रस्त्याने, एकाच वेशात चालतात. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो. व्हीपीएन अडवण्याचा सारा इतिहास माझ्या मते एका प्रश्नाभोवती फिरतो : किती ओले जळाले तर चालेल, हे कोणत्या सरकारने कधी ठरवले? तंत्रज्ञान त्यानंतर येते.

तरी थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल. व्हीपीएन लावला की तुमच्या फोनपासून परदेशातल्या एखाद्या सर्व्हरपर्यंत एक बंद वाट तयार होते. तुमच्या इंटरनेट कंपनीला एवढेच दिसते की अमुक पत्त्यावर काहीतरी कुलूपबंद चालले आहे. ते अडवायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पत्त्यांची यादी करून ते बंद करणे. तो फार टिकत नाही, कारण पत्ते रोज बदलता येतात. दुसरा उपाय ठरावीक पोर्ट, म्हणजे सर्व्हरची क्रमांकित दारे, बंद करण्याचा : ओपनव्हीपीएनचे ११९४, वायरगार्डचे ५१८२०. पोर्टही बदलता येते. मग येते ते डीप पॅकेट इन्स्पेक्शन. जुन्या जकात नाक्याची आठवण असलेल्यांना हे लगेच कळेल : सील लावलेला ट्रक उघडता येत नाही, पण त्याचे वजन, लांबी, चाके किती दबली आहेत, यांवरून आत काय असावे याचा अंदाज मुरलेल्या कारकुनाला बरोबर येतो.

वायरगार्डचे उदाहरण घेऊ. जेसन डोननफेल्डने लिहिलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दाखल झाला. आटोपशीर, वेगवान, इंजिनियरांच्या कौतुकाचा विषय. त्याचा पहिला निरोप, म्हणजे हँडशेक, दर वेळी बरोबर १४८ बाइटचा असतो आणि उलट उत्तर ९२ बाइटचे. निरोपाचा पहिला बाइट एक, पुढचे तीन शून्य. आतला मजकूर जगातल्या कोणत्याही संगणकाला फोडता येणार नाही, पण हा वायरगार्ड आहे हे ओळखायला तो फोडावा लागतच नाही. ओपनव्हीपीएनची गतही वेगळी नाही. २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाख ग्राहकांच्या एका इंटरनेट कंपनीच्या वाहतुकीवर प्रयोग करून दाखवला. त्यांच्या साधनाने ओपनव्हीपीएनच्या ८५ टक्क्यांहून अधिक जोडण्या अचूक ओळखल्या, आणि भलत्यालाच पकडण्याचे प्रमाण नगण्य होते.

मग लोकांनी असे प्रोटोकॉल काढले ज्यांना रूपच नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत सगळे यादृच्छिक दिसणारे, धरायला काही खूण नाही. २०१२ मध्ये एका चिनी प्रोग्रामरने टोपणनावाने लिहिलेले शॅडोसॉक्स हे त्यातले सर्वांत गाजलेले. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलीस भेटून गेल्याचे सांगून त्याने गिटहबवरून आपले काम काढून घेतले. तोवर त्याच्या प्रती जगभर पसरल्या होत्या. अशा रूपहीन वाहतुकीला चीनने दिलेले उत्तर मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत बोलके वाटते, म्हणून जरा जवळून पाहू.

एका बाइटमध्ये आठ बिट, प्रत्येक एक किंवा शून्य. कुलूपबंद केलेल्या मजकुरात कोणताच कल उरत नाही, त्यामुळे दर बाइटमागे सरासरी चार बिट एक असतात. साधा मजकूर असा समतोल नसतो. नोव्हेंबर २०२१ पासून चिनी कुंपणाने परदेशी जाणाऱ्या जोडणीचे पहिले पॅकेट घेऊन त्यातले एक असलेले बिट मोजायला सुरुवात केली. सरासरी ३.४ ते ४.६ च्या दरम्यान आली की संशय. मग सूट द्यायच्या कसोट्या : पहिले सहा बाइट वाचता येण्याजोगी अक्षरे आहेत का, निम्म्याहून अधिक पॅकेट तसे आहे का, सलग वीसहून जास्त अक्षरे तशी आहेत का, ओळखीच्या टीएलएस किंवा एचटीटीपीसारखी सुरुवात आहे का. यातले काहीच नसेल तर जोडणी तोडायची. इथे दोषी कोण हे सिद्ध करण्याची भानगडच ठेवलेली नाही. जो निर्दोष म्हणून ओळखता येत नाही, तो दोषी.

आणि तरीही हा नियम सरसकट लावला गेला नाही. संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची मोजदाद आहे : तो लागू होता परदेशातल्या काही लोकप्रिय डेटा सेंटरच्या पत्त्यांपुरता, आणि तिथेही सुमारे २६ टक्के जोडण्यांनाच. बाकीच्या नशिबावर सोडलेल्या. कारण त्याच निबंधात आहे. हा नियम सगळीकडे लावला असता तर साध्यासुध्या वाहतुकीपैकी ०.६ टक्के विनाकारण तुटली असती. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण चीनएवढ्या देशात, दिवसभराच्या व्यवहारात, त्यात किती परकीय कंपन्यांचे, कारखान्यांचे, बंदरांचे काम अडकले असते याचा अंदाज करा. जगातल्या सर्वांत ताकदवान सेन्सॉरनेही ओले किती जळेल याचा हिशेब घातला आणि नेम मुद्दाम थोडा चुकता ठेवला. वापरणाऱ्याला कधी लागावे, कधी तुटावे, असा वैताग देणे एवढेच त्याला पुरेसे होते. बहुसंख्य लोक वैतागून नाद सोडतात. मार्च २०२३ मध्ये हा प्रकार थांबल्याचे त्या संशोधकांना आढळले.

कायद्याची बाजू त्याला जोडून आली. जानेवारी २०१७ मध्ये चीनच्या उद्योग व माहिती तंत्रज्ञान खात्याने परवाना नसलेल्या व्हीपीएनविरुद्ध मोहीम जाहीर केली. जुलैत अ‍ॅपलने चीनमधल्या आपल्या दुकानातून व्हीपीएन अ‍ॅप उतरवली. डिसेंबरात ग्वांगशी स्वायत्त प्रदेशात व्हीपीएन विकणाऱ्या एकाला साडेपाच वर्षे कैद आणि पाच लाख युआन दंड झाला. मोठ्या कंपन्यांना मात्र सरकारी दूरसंचार कंपन्यांकडून रीतसर वाट भाड्याने मिळत राहिली.

रशियाची कथा वेगळ्या वळणाची आहे आणि बरीचशी अडखळत गेलेली. चीनने इंटरनेट वाढत असतानाच कुंपण घातले. रशियात इंटरनेट मोकळे वाढले, शेकडो लहानमोठ्या कंपन्यांनी वाढवले, आणि मग सरकारला जाग आली. एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करण्याच्या नादात रॉसकॉमनाडझोर या नियामक संस्थेने अ‍ॅमेझॉन आणि गूगलचे एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास पत्ते अडवले. ज्यांचा टेलिग्रामशी काडीचा संबंध नाही अशा दुकानांची आणि सेवांची संकेतस्थळे पडली. टेलिग्राम चालूच राहिले. जून २०२० मध्ये बंदी गुंडाळावी लागली.

त्या फजितीतून रशियाने धडा घेतला तो उपकरणांचा. नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेल्या ‘सार्वभौम इंटरनेट’ कायद्याने प्रत्येक इंटरनेट कंपनीच्या आवारात सरकारी पेटी बसवणे बंधनकारक झाले. तिची कळ कंपनीच्या हातात नाही, थेट मॉस्कोत. तिचा पहिला मोठा प्रयोग मार्च २०२१ मध्ये झाला, ट्विटर मंद करण्याचा. ट्विटरच्या छोट्या दुव्यांचा पत्ता ‘टी डॉट सीओ’ असा. पेटीला सांगितले गेले, ही चार चिन्हे ज्या नावात दिसतील ते मंद कर. आता ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ हे नाव रोमन लिपीत लिहून पाहा : सॉफ्टमधला शेवटचा टी, मग टिंब, मग कॉमचे सी आणि ओ. ‘रेडिट डॉट कॉम’चेही तेच. दोन्ही मंदावली. देशाच्या सुरक्षेसाठी बसवलेल्या यंत्रणेत अक्षरे जुळवायचा नियम लिहिताना कोणी एवढेही पाहिले नव्हते, याचा मला आजही अचंबा वाटतो.

पण पेट्या जागेवर बसल्या होत्या, आणि त्यांचा पुढचा वापर व्हीपीएनसाठीच झाला. २०२१ मध्ये नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन यांसारख्या सेवा अडवण्यापूर्वी रॉसकॉमनाडझोरने कंपन्यांकडून, आणि मध्यवर्ती बँकेमार्फत बँकांकडून, तुम्ही कामासाठी कोणता व्हीपीएन वापरता याची माहिती मागवली होती. ओले आधी बाजूला काढून ठेवायचे, मग काडी लावायची. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर बंद झाले आणि सामान्य रशियन माणूस प्रथमच मोठ्या संख्येने व्हीपीएनकडे वळला. ऑगस्ट २०२३ मध्ये मोबाइल नेटवर्कवर ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड हे प्रोटोकॉलच अडवले जाऊ लागले. मार्च २०२४ पासून व्हीपीएन कसा वापरावा हे सांगणेही बेकायदा ठरले, जुलैत अ‍ॅपलने तिथल्या दुकानातून व्हीपीएन अ‍ॅप काढली. लोकांनी वायरगार्डची एक सुधारित आवृत्ती काढली, जी खऱ्या हँडशेकआधी कचरा पॅकेट सोडते आणि त्या १४८ बाइटांचे माप बिघडवते. २०२५ मध्ये ड्रोन हल्ल्यांचे कारण देऊन मोबाइल इंटरनेट वरचेवर बंद होऊ लागले, आणि बंदच्या काळातही चालू राहतील अशा मोजक्या संकेतस्थळांची यादी सरकारने केली. काय अडवायचे याची यादी संपली, काय सोडायचे याची सुरू झाली.

इराण याच टोकाला आधीच जाऊन आला होता. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या चाळणीने नेहमीच्या तीन पोर्टांवर वेब आणि नावे शोधण्याच्या ओळखीच्या प्रोटोकॉलखेरीज काही दिसले की तोडायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये परवान्याविना व्हीपीएन वापरण्यावरच बंदीचा निर्णय झाला. त्या काळात देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या नावाची खाती, देशात बंद असलेल्या एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, सुखेनैव चालू होती.

पाकिस्तानात नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्लामी विचार परिषदेच्या अध्यक्षांनी व्हीपीएन शरियतविरोधी ठरवला, टीकेची झोड उठल्यावर टंकलेखनाची चूक झाल्याचे सांगितले. सॉफ्टवेअर निर्यातदारांनी ओरड केली. नोंदणीची ३० नोव्हेंबरची मुदत उलटूनही सरसकट बंदी आली नाही. अमिरातीत तर हा विषय आपल्या माणसांच्या घरातला आहे. दुबईत नोकरीला असलेल्या मराठी माणसाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज घरी पोचतो, कॉल लागत नाही. मग कोणीतरी व्हीपीएन सुचवतो. २०१६ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी तसा पत्ता लपवला, तर दंड पाच लाख ते वीस लाख दिरहम. कंपनीचा व्हीपीएन चालतो, बँकेचा चालतो. आईशी बोलणे गुन्ह्यात मोडते की नाही, याची टांगती तलवार मात्र पगारदार माणसाच्या डोक्यावर.

आता आपल्याकडे येऊ. ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमधले इंटरनेट बंद झाले. १४ जानेवारी २०२० च्या आदेशाने ते थोडे सुरू झाले ते टूजीच्या वेगाने आणि फक्त परवानगी दिलेल्या संकेतस्थळांपुरते. आधी १५३, मग २४ जानेवारीला ३०१, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दीड हजाराच्या घरात. रशियाच्या यादीची आज जगभर चर्चा होते. आपली यादी त्याआधी पाच वर्षांची आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. समाजमाध्यमे यादीत नव्हती, म्हणून लोकांनी व्हीपीएन लावले. १७ फेब्रुवारीला काश्मीर पोलिसांनी व्हीपीएनद्वारे समाजमाध्यमांचा गैरवापर केल्याबद्दल बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, गुन्हा नोंदवला. ४ मार्चला यादी उठली. आणि १३ मार्चला, करोनाच्या पार्श्वभूमीवर, केंद्राच्या दूरसंचार विभागाने बीपीओ आणि आयटी कंपन्यांना घरून काम करता यावे म्हणून व्हीपीएनच्या अटी सैल केल्या. श्रीनगरचा गुन्हा आणि ही सवलत यांत महिनाही गेला नव्हता. तंत्र तेच, देश तोच. कोणी वापरले, एवढाच फरक.

सरकारची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. फसवणूक, धमक्या, मुलांच्या शोषणाची चित्रे यांच्या तपासात व्हीपीएन आडवा येतो, पोलिसांची ही तक्रार खरी आहे. व्हीपीएन कंपन्याही साधुसंत नाहीत. फेसबुकच्या मालकीचे ओनाव्हो हे अ‍ॅप वापरणाऱ्यांवरच पाळत ठेवत होते म्हणून २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातून गेले. फुकट व्हीपीएन घेणाऱ्याने आपण किंमत कशात मोजतो आहोत याचा विचार करावाच. पण गुन्ह्याचा माग काढणे आणि सगळ्यांची वाट बंद करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने व्हीपीएन कायमचे बंद करण्याची शिफारस केली. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते, वापराचे कारण पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. नंतरच्या खुलाशात कंपन्यांचे अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळले. परिणाम काय झाला? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड यांनी भारतातले सर्व्हर उचलले. एक्सप्रेसव्हीपीएनने भारतीय पत्ता सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून देणे चालू ठेवले. ज्या नोंदी तपासासाठी हव्या होत्या त्या तर मिळाल्या नाहीतच, पण जे सर्व्हर आपल्या न्यायालयांच्या आवाक्यात होते तेही गेले. माझ्या मते हा नियम स्वतःच्याच हेतूवर उलटला.

त्यानंतरची पावले अधिक शांतपणे पडली. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला काही व्हीपीएन अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅपल आणि गूगलच्या दुकानांतून दिसेनाशी झाली. त्यामागे गृहमंत्रालयाचा आदेश असल्याचे बातम्यांतून कळले. त्याच वर्षी जम्मू विभागातल्या काही जिल्ह्यांत दंडाधिकाऱ्यांचे व्हीपीएनबंदीचे हुकूम निघाले. संकेतस्थळे रोखण्याच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम अशा आदेशांबाबत गुप्तता पाळायला सांगतो. उलट १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट रोखण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे बजावले आहे. व्यवहारात या दोहोंतले पहिलेच जिंकताना दिसते.

हे पुस्तक व्हीपीएन कसा लावावा ते शिकवत नाही. ते शोधणाऱ्याला सापडतेच. वाचकाकडे मागणे एकच आहे. तुमच्या जिल्ह्यात असा हुकूम निघाला, तर बातमीवर थांबू नका, मूळ आदेश मागवून पूर्ण वाचा. त्यात ऑफिसच्या आणि बँकेच्या व्हीपीएनला सूट दिली आहे का ते पाहा, आणि दिली असेल तर बंदी नेमकी कोणावर घातली आहे, हे दंडाधिकाऱ्यांना लेखी विचारा.